आयएस १६४४४ सगळीकडे आहे, मग स्मार्ट मीटरांची अदलाबदल का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्मार्ट मीटरसाठी देशात आयएस १६४४४ हे एकच मानक आहे, सगळ्या मीटरांवर आयएसआयची तीच खूण आहे, तरी एका कंपनीचा मीटर दुसऱ्या कंपनीने उभारलेल्या यंत्रणेत सरळ का चालत नाही? आणि असं समान मानक मुळात बनतं कसं? विचारणारे वीज वितरणात नव्याने आलेले अभियंता आहेत, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो. मी आधी मीटर चाचणी प्रयोगशाळेत आणि नंतर वितरणाच्या बाजूने याच विषयात काम करत आलो आहे.

थेट उत्तर आधी देतो. मीटरने काय मोजायचं आणि ते कोणत्या रूपात सांगायचं, हे आपल्या मानकांनी चांगलं पक्कं केलं. ती माहिती कोणत्या मार्गाने जाईल, तो मार्ग कोणाच्या ताब्यात असेल आणि सुरक्षेच्या कीज, म्हणजे मीटरशी बोलण्याचे गुप्त संकेत, कोणाकडे राहतील, हे मोकळं राहिलं. अदलाबदलीची अडचण जवळपास नेहमी या दुसऱ्या भागात येते.

आता मागून सुरुवात करू. इलेक्ट्रॉनिक मीटर सर्रास बसू लागले तेव्हा प्रत्येक उत्पादकाची संवादपद्धत वेगळी होती. मीटरच्या ऑप्टिकल पोर्टला सीएमआरआय, म्हणजे हातात धरायचं वाचनयंत्र, लावून डेटा उतरवायचा, पण त्या यंत्रात प्रत्येक मेकचा वेगळा प्रोग्रॅम भरावा लागे आणि उतरवलेली फाइल उघडायला त्याच कंपनीचं बीसीएस नावाचं संगणकावरचं सॉफ्टवेअर लागे. एकाच संगणकावर अनेक बीसीएस सांभाळावी लागत, आणि एखाद्या मेकचा पासवर्ड माहीत असलेला माणूस बदलून गेला की त्या मेकचं वाचन अडकून बसे. यावर पहिला तोडगा मिऑस या उपक्रमातून निघाला. प्रत्येक उत्पादकाने आपल्या कच्च्या फाइलचं रूपांतर एका ठरावीक एक्सएमएल रचनेत करणारा प्रोग्रॅम द्यायचा, असं ठरलं. मीटर आतून होता तसाच राहिला, फक्त शेवटी सगळ्यांचा डेटा एका साच्यात येऊ लागला. महिन्यातून एकदा वाचन करायचं असेल तर हे पुरतं. २००८ मध्ये आर-एपीडीआरपी ही वीज वितरण सुधारण्याची केंद्राची योजना सुरू झाली आणि फीडर, रोहित्रं यांचं वाचन दुरून आणि वारंवार हवं झालं, तेव्हा ही तडजोड अपुरी पडली. रूपांतर केलेली फाइल वाचता येते. मीटरला आज्ञा देता येत नाही, त्याचं घड्याळ लावता येत नाही.

जगात तेव्हा दोन मोठे मार्ग होते. अमेरिकेची एएनएसआय सी१२ मालिका, आणि आयईसी ६२०५६, म्हणजे डीएलएमएस/कोसेम ही मीटरशी संवाद साधण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत. आपली मोजमापाची मानकं पूर्वीपासून आयईसीच्या वळणाची असल्याने दुसरा मार्ग स्वीकारला गेला, आणि माझ्या मते तो निर्णय अगदी योग्य होता. पण डीएलएमएस ही अवजारांची भलीमोठी पेटी आहे. दोन मीटर पूर्णपणे डीएलएमएसप्रमाणे बनवलेले असूनही एकमेकांच्या यंत्रणेत निरुपयोगी ठरू शकतात, कारण पेटीतलं कोणतं अवजार कुठे वापरायचं हे त्यात सांगितलेलं नसतं. ते सांगण्यासाठी प्रत्येक देशाला सोबतची तपशील-संहिता लिहावी लागते. आपली संहिता म्हणजे आयएस १५९५९. तिचा पहिला भाग २०११ मध्ये आला, स्मार्ट मीटरसाठीचा दुसरा भाग २०१६ मध्ये आणि ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या स्मार्ट मीटरसाठीचा तिसरा भाग २०१७ मध्ये.

या संहितेने नेमकं काय बांधून दिलं, ते बघा. मीटरमधल्या प्रत्येक राशीला सहा अंकगटांचा ओबिस कोड असतो. १.०.१.८.०.२५५ म्हणजे आयात झालेली एकूण सक्रिय ऊर्जा, आपले रोजचे युनिट. पहिला १ म्हणजे वीज, तिसऱ्या जागचा १ म्हणजे सक्रिय आयात, चौथ्या जागचा ८ म्हणजे साठत जाणारं वाचन, पाचव्या जागचं शून्य म्हणजे सर्व दर-कालावधी मिळून. हे जगभर सारखं आहे. भारताला जे जास्तीचं हवं होतं त्यासाठी देशनिहाय राखून ठेवलेल्या जागा वापरल्या आहेत. म्हणून आपल्या प्रोफाइलांच्या, म्हणजे ठरावीक नोंदसंचांच्या, कोडमध्ये ९४.९१ दिसतं. ९४ म्हणजे देशनिहाय कोड, आणि ९१ हा भारताचा क्रमांक, फोनचा असतो तोच.

घटनांची यादी तर पूर्णपणे आपल्या जमिनीतून आली. वीज गेली की १०१, मीटरजवळ चुंबक आणलं की २०१, मीटरचं झाकण उघडलं की २५१. न्यूट्रल काढून ठेवणं, प्रवाह उलटा फिरवणं, अर्थवर भार टाकणं, हे सगळं आपल्याकडच्या वीजचोरीच्या अनुभवातून यादीत आलं आहे. परदेशी मानक जसंच्या तसं उचलून चाललं नसतं, त्याचं हे सर्वांत चांगलं उदाहरण. मीटर बंगळुरूत बनो वा सोलनमध्ये, २०१ चा अर्थ बदलत नाही. भरारी पथकाच्या दृष्टीने याचं मोल फार मोठं आहे.

मानक लिहितं कोण? भारतीय मानक ब्यूरोची ईटीडी १३ ही समिती. त्यात उत्पादक, वितरण कंपन्या, केंद्रीय विद्युत प्राधिकरण, सीपीआरआय ही केंद्राची वीज संशोधन संस्था आणि चाचणी संस्था असतात. मसुदा लोकांसमोर ठेवला जातो, हरकती येतात, मग अंतिम रूप ठरतं. बाहेरून वाटतं की खरा वाद तंत्रज्ञानावर होत असेल. प्रत्यक्षात जीव खातात ते अगदी साधे दिसणारे प्रश्न. वीज नसलेल्या अर्ध्या तासाची नोंद शून्य म्हणून लिहायची की ती ओळच वगळायची? घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं तर मधल्या वेळेचं काय? मागणीचा कालखंड १५ मिनिटांचा की ३० चा? यातला प्रत्येक प्रश्न पुढे कोणाच्या तरी बिलात उतरतो, म्हणून त्यांवर घालवलेला वेळ मला कधीच वाया गेलेला वाटला नाही.

दोन उदाहरणं सविस्तर सांगतो, कारण नव्या अभियंत्याला ती लवकरच भेटतील.

पहिलं केव्हीएएचचं, म्हणजे सक्रिय आणि प्रतिघाती ऊर्जा मिळून येणाऱ्या आभासी ऊर्जेचं. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर निघू लागलं. केव्हीएएचचा ओबिस कोड सगळ्या मीटरांत एकच, १.०.९.८.०.२५५. पण ती राशी काढायच्या दोन रीती आहेत. एकीत फक्त लॅग बाजूची (मोटारींसारख्या भारामुळे येणारी) प्रतिघाती ऊर्जा धरतात आणि लीड (कपॅसिटरमुळे उलट बाजू) असेल तेव्हा पॉवर फॅक्टर एक मानतात. दुसरीत लॅग आणि लीड दोन्ही धरतात. कारखाना रात्री बंद होतो, कपॅसिटर मात्र चालू राहतात, आणि पॉवर फॅक्टर लीडमध्ये जातो. पहिल्या रीतीचा मीटर तेव्हा केव्हीएएच जवळपास केडब्ल्यूएचइतकंच, म्हणजे सक्रिय युनिटांइतकंच, दाखवील, दुसऱ्या रीतीचा बरंच जास्त. कोड तोच, एकक तेच, दोन्ही मीटर अचूक, आणि आकडे वेगळे. म्हणून निविदेत नुसतं ‘केव्हीएएच नोंद हवी’ असं लिहून भागत नाही, रीतही लिहावी लागते. ती राज्याच्या नियामक आयोगाच्या आदेशाशी जुळायला हवी.

दुसरं उदाहरण छतावरच्या सौरऊर्जेचं, आणि ते घरगुती ग्राहकाला थेट लागतं. वीजचोरी रोखण्यासाठी आपल्याकडे पूर्वीपासून एक सोय आहे: प्रवाह उलटा वाहिला तरी मीटर तो आयात म्हणूनच मोजतो. तारा उलट्या जोडून आकडा मागे नेणाऱ्यांवर हा रामबाण उपाय होता. आता त्याच घरावर सौर पॅनेल बसतं. दुपारी वीज खरोखरच बाहेर जाते, आणि मीटर एकदिशा पद्धतीवर ठेवलेला असेल तर ग्राहकाने ग्रिडला दिलेली वीज त्याच्याच वापरात मिळवली जाते. स्मार्ट मीटरमध्ये ही पद्धत बदलण्याची सोय असते आणि निर्यातीसाठी १.०.२.८.०.२५५ ही वेगळी जागाही असते. पण ती बदलायला कोणी तरी आज्ञा द्यावी लागते, आणि ती पोहोचली की नाही ते वाचून बघावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून अशी घरं झपाट्याने वाढत आहेत. सौर जोडणी मंजूर करताना मीटरची पद्धत वाचून तिची नोंद फाइलला लावणं बंधनकारक असावं, असं माझं ठाम मत आहे.

आता आयएस १६४४४ कडे येऊ. हे मानक २०१५ मध्ये आलं. स्मार्ट मीटर म्हणजे काय ते त्याने ठरवलं: अचूकता वर्ग, दुतर्फा संवाद, आत बसवलेला तोडजोडीचा स्विच, भारमर्यादा. संवादाच्या बाबतीत त्याने दोन प्रकार मान्य केले. एकात संवाद मॉड्यूल मीटरच्या आतच असतं, दुसऱ्यात ते बाहेरून खाचेत बसवता येतं. रेडिओ मेश (मीटर एकमेकांमार्फत संदेश पुढे सरकवतात ती), मोबाइल नेटवर्क, वीजतारेवरून जाणारा पीएलसी, यांपैकी अमुकच वापरा असं सांगितलं नाही.

यावर खूप टीका होते, पण निम्मी टीका मला अन्यायाची वाटते. २०१५ मध्ये कोणता मार्ग टिकेल हे सांगता येणार नव्हतं. आज ज्या एनबी-आयओटीची, म्हणजे उपकरणांसाठीच्या मोबाइल तंत्राची, इतकी चर्चा होते, त्याचं पहिलं जागतिक मानकच २०१६ मध्ये पूर्ण झालं. मेशसाठी आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा होता, पण विरळ वस्तीच्या गावात मेश उभी राहत नाही. तिथे घरं लांब, मधे शेतं. उलट मुंबईतल्या जुन्या चाळीत जिन्याखालच्या मीटरखोलीत मोबाइलचा सिग्नल पोहोचत नाही. देशभर एकच मार्ग लादला असता तर कुठे ना कुठे तो नक्की फसला असता.

उरलेली निम्मी टीका मात्र पूर्ण खरी आहे. मार्ग मोकळा ठेवायचा होता, तर खाच बांधून द्यायला हवी होती. मॉड्यूल बाहेरून बसवता येईल म्हटलं, पण त्याचं माप, पिनांची रचना, त्याला किती व्होल्टचा आणि किती शक्तीचा पुरवठा मिळेल, मीटर आणि मॉड्यूल यांच्यात बोलणं कसं होईल, हे सगळ्या उत्पादकांसाठी एकसारखं ठरलं नाही. परिणामी ‘अ’ कंपनीच्या मीटरच्या खाचेत ‘ब’ कंपनीचं मॉड्यूल बसतच नाही. उद्या मोबाइल कंपनीने एखादं जुनं नेटवर्क बंद केलं तर नुसतं मॉड्यूल बदलून काम भागायला हवं. तसं झालं नाही तर चांगला चालणारा मीटर काढून फेकावा लागेल, आणि तो खर्च शेवटी वीजदरातूनच वसूल होईल. दहा वर्षं टिकणारं मोजमाप आणि चार-पाच वर्षांत जुनी होणारी संवादयंत्रणा एकाच डब्यात कायमची जखडणं मला आजही पटत नाही.

अशी चूक किती महाग पडते ते ब्रिटनने अनुभवलं. तिथे मीटर वीजपुरवठादार बसवतात आणि ग्राहक पुरवठादार बदलू शकतो. स्मेट्स१ ही पहिली तपशील-संहिता आली, तेव्हा सर्वांना सामाईक अशी संवादयंत्रणा तयार नव्हती, म्हणून प्रत्येक पुरवठादाराने आपापली यंत्रणा जोडली. ग्राहकाने पुरवठादार बदलला की अनेक ठिकाणी नव्या पुरवठादाराला त्या मीटरशी दुरून बोलताच येईना. मीटर मोजत राहिला, पण त्याचं स्मार्टपण संपलं, आणि लोक पुन्हा हाताने आकडे कळवू लागले. स्मेट्स२ मध्ये डीसीसी ही सामाईक संवाद कंपनी मध्यभागी ठेवली. ती २०१६ च्या अखेरीस सुरू झाली आणि स्मेट्स१ चे मीटर तिच्यावर आणण्याचं काम २०१९ पासून हाती घेतलं गेलं. कागदावर कार्ये समान होती, जोडणी समान नव्हती.

आपल्याकडे ग्राहक सहसा पुरवठादार बदलत नाही, म्हणून ब्रिटनची गोष्ट आपल्याला लागू नाही असं काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. आपल्याकडे बदलणार आहे ती सेवा देणारी कंपनी. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं आणि काम सेवा-पुरवठादारांकडे गेलं. मीटर आणायचा, बसवायचा, यंत्रणा उभारायची, वर्षानुवर्षं चालवायची आणि मुदत संपली की वितरण कंपनीच्या हाती द्यायची. महाराष्ट्रात परिमंडळांचे गट पाडून वेगवेगळ्या कंपन्यांना हे काम दिलं आहे. ही कंत्राटं संपतील त्या दिवशी, किंवा एखादी कंपनी मधेच बुडाली तर, दुसऱ्या कोणाला तरी तेच मीटर चालवायचे आहेत.

तेव्हा सर्वांत आधी विचारला जाईल तो प्रश्न कीजचा. मीटर आणि हेड-एंड, म्हणजे मीटरांशी बोलून डेटा गोळा करणारी मध्यवर्ती यंत्रणा, यांच्यातलं बोलणं १२८ बिटच्या एईएस पद्धतीने कूटबद्ध होतं. प्रत्येक मीटरची मास्टर की, एन्क्रिप्शन की, ऑथेंटिकेशन की आणि वेगवेगळ्या पातळ्यांचे पासवर्ड असतात. मीटर वाचणाऱ्याची पातळी खालची, सेटिंग बदलणाऱ्याची वरची, फर्मवेअर चढवणाऱ्याची आणखी वेगळी. संहिता हे सगळं नीट सांगते. या कीज कोणाच्या मालकीच्या, त्या कोणत्या स्वरूपात आणि कधी सुपूर्द करायच्या, हे मात्र कंत्राटाचं काम आहे. एका ठिकाणी मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. मीटर मानकाप्रमाणे निर्दोष होते, पण कीजची फाइल अर्धवट होती, आणि जिच्याकडे पूर्ण फाइल होती ती कंपनी वेगळे पैसे मागत होती. अशा वेळी मानकाची प्रत दाखवून काही उपयोग होत नाही. बसवलेल्या प्रत्येक लॉटच्या कीज वितरण कंपनीने आपल्या सुरक्षित साठ्यात त्याच वेळी घ्याव्यात आणि काही मीटर निवडून त्या कीज खरोखर चालतात का ते स्वतः तपासावं. दहा वर्षांनी मागायला जाऊ नये.

हेड-एंड आणि एमडीएम (मीटरचा डेटा साठवून बिलिंगला पुरवणारं सॉफ्टवेअर) यांच्यातला दुवाही असाच कच्चा आहे. त्यासाठी आयईसी ६१९६८ चा नववा भाग आहे आणि निविदांमध्ये त्याचं नाव असतं. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच ठिकाणी त्या दोघांपुरती बनवलेली जोडणी चालते. यावर फार लिहीत नाही, कारण सॉफ्टवेअर पुन्हा लिहिता येतं. भिंतीवर बसलेले लाखो मीटर बदलता येत नाहीत.

चाचणीबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. सीपीआरआयसारख्या प्रयोगशाळेत डीएलएमएसची अनुरूपता चाचणी होते. मीटर व्याकरणाला धरून बोलतो का, हे ती तपासते. बोलतो ते खरं आहे का आणि समोरच्याला कळतं का, हे तिच्या कक्षेत नाही. नेहमीचं उदाहरण स्केलरचं. मीटर आकडा आणि दहाचा घात वेगळे पाठवतो. हेड-एंडने घात वाचला नाही तर वॉट-अवर आणि किलोवॉट-अवर यांची गल्लत होते आणि आकडा हजारपट चुकतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी चाचणी उत्तीर्ण असतात. म्हणून मी आग्रहाने सांगतो की निविदेत किमान दोन मेकचे मीटर आणि किमान दोन हेड-एंड एकमेकांशी आलटून पालटून जोडून दाखवण्याची अट हवी. तीही मोठी ऑर्डर देण्याआधी.

मानक किती वर्षांसाठी लिहायचं, हा विचारही सुरुवातीलाच करावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेलं एसटीएस हे प्रीपेड मीटरचं मानक आज अनेक देशांत चालतं. वीस आकडी टोकन विकत घ्यायचं, मीटरच्या बटणांवर दाबायचं. त्या टोकनमधला वेळ २४ बिटांत, १९९३ च्या पहिल्या दिवसापासूनच्या मिनिटांत मोजलेला होता. २४ बिटांत मावणारी मिनिटं २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्याआधी जगभरच्या कोट्यवधी मीटरांत की बदलणारी खास टोकनं भरून घ्यावी लागली, आणि ते काम बहुतेक ठिकाणी घरोघरी ग्राहकांनाच करावं लागलं. १९९३ मध्ये आणखी चार-सहा बिट ठेवले असते तर हे टळलं असतं.

शेवटी ग्राहकाची बाजू, जिच्याकडे आपल्या समित्यांनी माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिलं. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटरला पी१ नावाचं पोर्ट असतं. ग्राहक त्यात स्वतःची वायर लावून आपला वापर घरच्या घरी बघू शकतो, कोणाची परवानगी लागत नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला मोठा विरोध झाला आणि सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. नंतर पोस्टपेड पद्धतीने टीओडी (दिवसातल्या वेळेनुसार वापर नोंदवणारे) मीटर बसू लागले. त्या विरोधात बरीच चुकीची माहिती होती, हे मी नाकारत नाही. पण ‘मीटर जोरात पळतो’ म्हणणाऱ्या माणसाला आपण ॲप उघडून बघायला सांगतो, म्हणजे ज्याच्यावर त्याचा संशय आहे त्याच्याच सर्व्हरवरचा आकडा दाखवतो. मीटरमधून थेट, फक्त वाचता येईल असा आकडा त्याला स्वतःच्या यंत्रावर मिळाला, तर त्याची खात्री तो स्वतः करून घेईल. ही सोय मानकाच्या पुढच्या आवृत्तीत यावी म्हणून मी जमेल तिथे लेखी सूचना देत असतो. तुम्हीही द्या, मसुद्यावर हरकत नोंदवायला समितीचं सदस्य असावं लागत नाही.

आणि तुम्हाला हे शिकायचं असेल तर सुरुवात कागदापासून करू नका. भांडारातून स्मार्ट मीटरचा एक नमुना घ्या, ऑप्टिकल प्रोब लावा, गुरूक्सचं मुक्त सॉफ्टवेअर संगणकावर चढवा आणि पब्लिक क्लायंट म्हणून पत्ता १६ वापरून जोडणी करा. त्याला की लागत नाही. फार काही दिसणार नाही, मीटरची ओळख आणि घड्याळ एवढंच. मग प्रयोगशाळेकडून त्या मीटरचा वाचन-पासवर्ड रीतसर मागून पत्ता ३२ वरून आत शिरा आणि आयएस १५९५९ चा दुसरा भाग शेजारी उघडा ठेवून एकेक ओबिस कोड पडताळा. भारतीय मानकं ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळतात. दुसऱ्या मेकचा मीटर घेऊन हेच पुन्हा करा, आणि जिथे दोघांची उत्तरं वेगळी येतील तिथे मानकातलं ते कलम काढून नीट वाचा.